पुढे कोण चालणार

४ ऑक्टोबर १८२४
आले एकदाची. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, या व्हॅन डिमेन बेटावर सात वर्षं सरकारची शिक्षा भोगली, आता स्वतःची चूल. झोपडी बरी आहे. छप्पर गळत नाही, पिठाची दोन पोती, आढ्याला खारवलेलं डुकराचं मांस. म्हातारा मेंढपाळ जाइल्स, त्याचं रांधायचं. तो आठ-आठ दिवस मेंढरांमागे, म्हणजे कटकट नाही. कुऱ्हाडीचा दांडा तेवढा चिरलाय. इकडे येताना जहाजावर एका बाईंनी अक्षरं शिकवली, ती विसरू नयेत म्हणून हे लिहिणं. धाकटा भाऊ फेलिम पश्चिम किनाऱ्यावर कैदेत आहे. सुटला की इथंच आणणार.

९ ऑक्टोबर
जंगलातून माणूस आला. आमच्याच आयर्लंडचा, मथायस किहो. पायाला बेडीचे वळ, अंगावर चिंध्या, पण वाळलेला नाही. माझं नाव ऐकून म्हणाला, म्हणजे तू फेलिमची नोरा! पाचजण मिळून पळाले म्हणे. फेलिमचा पाय मुरगळला, तो बाकीच्यांबरोबर डोंगरापलीकडे गुहेत थांबलाय. मी रडले. किहो मला ताई म्हणाला. म्हटलं, ताई नंतर, आधी ते तोंड धू. भाकरी-मांस वाढलं तर नुसतं चिवडत बसला. नखरे!

११ ऑक्टोबर
शिपाई आले. किहो पोत्यांमागे. कैद्यानं कैद्याला धरून द्यायचं नाही, हे आम्ही बेडीबरोबरच शिकतो. त्यांना दक्षिणेच्या नदीकडे पिटाळलं. सार्जंट म्हणाला, मावशी, तो एकटा दिसला तर घरात घेऊ नका, कारण त्याच्याबरोबरचे— म्हटलं, तुझी मावशी असते तर कान उपटला असता. दार लावून घेतलं. बाहेरून अजून काहीतरी सांगत होता. ऐकायला वेळ कुणाला?

१४ ऑक्टोबर
किहोनं कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला. छान बसवलाय. उद्या आम्ही दोघं फेलिमला आणायला निघतो. तीन दिवसांची वाट. मांस, पीठ, फेलिमसाठी बूट. गाठोडं किहोच उचलणार, माझ्या वाटेपुरती भाकरी माझ्या झोळीत. जाइल्सला काही सांगितलं नाही.

१६ ऑक्टोबर
नुसता चढ. झाडीत ऊन शिरत नाही. किहो म्हणतो, ताई, तू पुढे चाल. मागे बघावं तर तो तेवढ्याच अंतरावर. थांबले की थांबतो. दोन दिवस काही खाल्लेलं नाही त्यानं. म्हणतो भूक राखून ठेवलीय.

१७ ऑक्टोबर, दुपार
तो ओढ्यावर गेला तेव्हा गाठोडं सोडलं. आत झाडाच्या साली. नुसत्या साली. मांस नाही, पीठ नाही, बूटसुद्धा—
विचारलं, फेलिम काय खाणार?
म्हणाला, त्याला आता भूक नाही, ताई.
गुहा नाही. कुणी थांबलेलं नाही. पाचांतला हा एकटा. बाकीचे एकेक करून याच्या पोटात, फेलिम शेवटचा. रागावून नाही सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. म्हणाला, फेलिमही असाच पुढे चालायचा. भरवसा होता त्याचा.
माझाही.

नंतर
समोरासमोर बसलोय. कुऱ्हाड त्याच्या मांडीवर. म्हणाला, चल, ऊन उतरतंय. म्हटलं, तू पुढे हो. हसला. उठत नाही. मीही नाही.
लिहितेय तोवर तो बघत बसतो. म्हणून लिहितेय.
खाली लांब शिपायांच्या शेकोटीचा धूर दिसतो. दक्षिणेला. नदीवर. मीच धाडलेले. हाक मारून पोचणार नाही— जाइल्स, हे सापडलं तर सार्जंटला सांग मावशीनं
पेन्सिल संपत आ— तो उठ