विरोधी पक्षनेत्याला माझा सल्ला

बुधवार, ४ नोव्हेंबर १९९८. संध्याकाळी ७, झिंज, बहारीन.
बीबीसी ऐकलं. ब्रिटनचा विरोधी पक्षनेता पुन्हा फुसका. सरकार समोर बसून हसतंय आणि हा गृहस्थ अदबीने प्रश्न विचारतोय! अब्बा तीस वर्षं विलायती बोटीवर होते, त्यामुळे तिथलं राजकारण म्हणजे आमच्या घरचंच. जीव तुटतो. त्याच्या जागी मी असतो तर सरकारला घाम फोडला असता.

मध्येच बायकोने, हमीदाने विचारलं, रजेचं काय झालं? धाकटी बहीण इरम, तिचा निकाह १३ डिसेंबरला, रत्नागिरीत. अब्बा गेल्यापासून तिचा वली, म्हणजे निकाहातला पालक, मीच. मी नसलो तर पोरीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? शनिवारी ऑफिसात साहेबांना ठणकावून सांगणार. खलास.

शनिवार, ७ नोव्हेंबर
केबिनमध्ये गेलो. साहेब इंग्रज, त्यातून त्याच पक्षाचे. पेपर वाचून उसासे टाकत होते. पक्षनेत्याच्या चुका वीस मिनिटं समजावल्या. त्यांनी चहा मागवला. एवढ्या वरच्या लेव्हलच्या चर्चेत रजा घुसडणं बरं दिसेना. आधी विश्वास मिळवायचा, मग मागणी. याला स्ट्रॅटेजी म्हणतात. हमीदा याला वेगळं काहीतरी म्हणते.

मंगळवार, १० नोव्हेंबर
पक्षनेत्याला सल्ल्याचं पत्र लिहायला घेतलं. मुद्दा पहिला: टेबलावर मूठ आपटावी. लिहिण्याआधी जेवणाच्या टेबलावर स्वतः करून पाहिलं. कालवण सांडलं. हमीदा पुसता पुसता म्हणाली, हेच जरा ऑफिसात करा. करणारच आहे.

शनिवार, १४ नोव्हेंबर
आपटली. म्हणजे, ठेवली. साहेबांना वाटलं मला त्यांचा स्टेपलर हवाय. त्यांनी दिला. नको म्हणणं वाईट दिसलं असतं. आता माझ्याकडे दोन स्टेपलर आहेत.

बुधवार, १८ नोव्हेंबर
आमच्या अकाउंट्समधला पुण्याचा सलील आज केबिनमध्ये गेला, डिसेंबरमध्ये दोन आठवडे हवेत म्हणाला आणि सही घेऊन दोन मिनिटांत बाहेर. वर्षअखेर असल्याने आम्हा दोघांपैकी एका वेळी एकालाच सुटी. त्याचं अभिनंदन केलं. उगाच कशाला कडूपणा?

संध्याकाळी रेडिओ. या पक्षनेत्याचा मवाळपणा आता सहन होत नाही. बंद केला.

शनिवार, २१ नोव्हेंबर
हमीदाला सलीलच्या रजेचं सांगून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही बसा. मी बघते." बिचारीला ऑफिसचं पॉलिटिक्स काय ठाऊक!

सोमवार, २३ नोव्हेंबर. दुपारी, ऑफिस.
काल हमीदाने सलीलला घरी फोन केला. तो म्हणाला, मला काय, मी वीस तारखेनंतर जाईन. आज सकाळी तिने थेट साहेबांनाच फोन लावला. मला हे सगळं साहेबांकडून कळलं. त्यांनी बोलावून घेतलं, फॉर्मवर सही केली आणि खो खो हसत म्हणाले, "इलियास, आमच्या पक्षाला हमीदा हवी होती. आम्हाला मिळालास तू."

थँक्यू म्हणून बाहेर आलो. लिफ्टमध्ये अर्थ लागला. जरा झोंबलं. पण रजा तर मंजूर झाली ना! शेवटी वीस मिनिटं चर्चा करून साहेबांचं मन तयार कुणी केलं होतं?

संध्याकाळी ७, घरी.
इरमला फोन लावला. म्हटलं, येतोय गं मी, रजा मिळवली एकदाची. पोरगी रडायलाच लागली. मलाही भरून आलं. मग नाक ओढत ती म्हणाली, "भाईजान, भाभीला फोन द्या ना. तिला थँक्यू म्हणायचंय."

दिला.