पिल्लं सासूबाईंच्या हवाली

गोंदिया,
२७ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
पुष्पांजलीचा शि. सा. न. वि. वि.

कैलाशदादाच्या हाती तुमचं पत्र मिळालं. कानातलं मशीन पुन्हा शिट्टी मारतंय हे वाचून वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. फोनवर आपण दोघं नुसतं काय, काय, ऐकू नाही येत, एवढंच करतो. पत्रात तुम्ही निदान पूर्ण वाक्य बोलता. कैलाशदादा रोज सकाळी सौंदडहून गाडीनं नोकरीवर येतो आणि संध्याकाळी परत जातो, तोवर आपलं टपालखातं जोरात चालणार.

आता मुख्य बातमी. आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत ते केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन समुद्री मासे आहेत ना, ज्यांना तुम्ही वरातीतले बँडवाले म्हणाला होता, त्यांनी पुन्हा अंडी घातली! कुंडीच्या खापरीवर केशरी दाण्यांचा गालिचाच. बायको अंडी घालून मोकळी झाली आणि फिरायला गेली. नवरा बिचारा रात्रंदिवस पंखांनी वारा घालतो, खराब दाणा तोंडानं वेचून काढतो. मी तुमच्या जावयांना मुद्दाम बोलावून दाखवलं. वीरेंद्र पाच मिनिटं बघत राहिले आणि दुकान उघडायचंय म्हणून सटकले.

पण बाबा, मला धास्ती वाटते. आजवर प्रत्येक खेपेला पिल्लं निघाली आणि दोन-तीन दिवसांत सगळी संपली. ही पिल्लं इतकी बारीक की त्यांना कोरडं खाणं चालत नाही, जिवंतच लागतं, आणि तेही डोळ्यांना न दिसणारं. या वेळी मी ते जीव आधीपासून वाढवलेत. गच्चीवर बादल्यांमध्ये खारं हिरवं पाणी आहे, त्यात ते धुळीसारखे उडत असतात. सासूबाई त्याला माझी शेवाळाची शेती म्हणतात आणि नाकाला पदर लावून कपडे वाळत घालतात. पणजोबांनी गावाला तलाव बांधून दिला, आणि मला, तळी बांधणाऱ्या कोहळ्यांच्या पोरीला, एक टब सांभाळता येऊ नये? मला एकदा तरी ही पिल्लं मोठी झालेली बघायचीच आहेत.

म्हणून सांगते, रागावू नका. अंडी बुधवारच्या आसपास फुटतील आणि शनिवारी आपल्या गावची मंडई, ती जत्रा आणि रात्रभरचं नाटक. दर दोन-तीन तासांनी त्यांना भरवावं लागतं. या वर्षी मला येता येणार नाही.

माया आहे ती तशीच असू द्या, रुसवा मात्र कमी करा.
तुमची,
पुष्पा


सौंदड,
२८ ऑक्टोबर

चि. पुष्पा हीस,
पुनारामचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चष्माच बिघडला. मासोळीच्या पिल्लासाठी मंडई सोडते का वं कोणी? काऊन असं करून राहिली?

लवकरचा हलका धान कापून झाला, उशिराचा भारी उभा आहे. घरोघरी पाहुणे येऊन राहिले. रामलालच्या तिन्ही पोरी आल्या, त्याच्या अंगणात पाय ठेवायले जागा नाही. अन् आमच्या अंगणात मी अन् कुत्रं.

तुले सांगायचं नव्हतं, आल्यावर पाहशील म्हणून लपवून ठेवलं होतं. यंदा पोट्ट्यांनी बाहेरची नाटक कंपनी आणली नाही, गावची जुनी दंडार उभी केली. तुले माहीत आहे, दंडारीत बायांची कामं गडीच करतात. दुर्गेश सासू होणार होता, तो मोटरसायकलवरून पडला, पायाले प्लास्टर. मग सासू मी झालो. मिशी काढली! आता जो तो दारात येऊन विचारते, घरात कोण गेलं म्हणून. परवा नंदाबाई तं रडतच आली, तिले चहा पाजून वापस पाठवलं.

ही सासू लय कजाग आहे. सुनेले घराबाहेर काढते, मग सून रानात भटकते, तिथं तिले राजा भेटते अन् पुढचा खेळ होते. म्हणजे मी काढलं नाही तं खेळच नाही. चाल कुठून आणावी हा विचार करून राहिलो होतो, तं तुझ्या सासूबाई आठवल्या. कमरेवर हात ठेवून मान झटकतात ना, तश्शीच मान झटकली. तालमीत लोक हसून हसून लोळले. त्यांना सांगू नको.

आता खरं सांगतो. तुझी माय होती तेव्हा पहिल्या चटईवर बसायची. मी कोणतंही काम केलं तरी तिच्याकडे पाहूनच बोलत होतो. समोर आपलं कोणी नसलं तं कोणासाठी बोलू? शनिवारी ये. पिल्लं सासूबाईंच्या हवाली कर. चार लेकरं वाढवली त्यांनी, मासोळीची नाही वाढवणार काय?

आशीर्वाद तं आहेच, पण तो घ्यायले इथं यावं लागते.
तुझा बाप,
पुनाराम


गोंदिया,
३० ऑक्टोबर

श्री. पुनारामजी व्याही यांस,
सुशिलाबाईचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र सुनेनं मला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. मध्येच अडखळली, एक परिच्छेद गिळला आणि दुसरीकडे बघून खोकू लागली. मी कागद हिसकून घेतला आणि स्वतः वाचलं. वा व्याहीबुवा! लेक दिली आमच्या घरात आणि नक्कल करता माझी? करायची तर नीट करा. मी उजवा हात ठेवते कमरेवर, आणि मान उगीच झटकत नाही, समोरचा बेअक्कल असला तरच झटकते. तुमच्या घरी आले तेव्हा सारखी झटकत होते, हे खरं.

काल दिवे मालवल्यावर पिल्लं निघाली. पुष्पानं मला टॉर्च धरायला उभं केलं होतं. मी तोंडानं झंझट झंझट करत होते, पण काय सांगू, नुसते डोळेच डोळे, आणि मागं केसाएवढी शेपटी! एवढासा जीव, आणि उजेडाकडे धावून राहिला. तिनं वाटीनं अलगद उचलून वेगळ्या टबात नेली. आज बघते तर सगळी हलतायत.

मी तिला सरळ सांगितलं, तू जा, मी पाहते. ती नको नको करत होती. चार लेकरांना मी काय विचारून विचारून वाढवलं? तिनं मला सगळं शिकवलंय: गच्चीवरची कोणती बादली, किती लोटे, हवेची नळी कितपत सुरू ठेवायची. दुसरं काहीही टबात घालायचं नाही, असं तिनं तीनदा बजावलं. मला काय कळत नाही?

शनिवारच्या सकाळच्या गाडीनं तिला पाठवते. रविवारी परत पाठवा, उगीच ठेवून घेऊ नका. आणि माझी नक्कल बघायला मी स्वतः येऊ शकत नाही, हे तुमचं नशीब समजा.

नातं जुनं आहे, भांडण नवं आहे. दोन्ही जपून ठेवावं.
सुशिलाबाई


सौंदड,
१ नोव्हेंबर, सकाळ

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

लेक पाठवता म्हणून तुमचे उपकार मानतो. हात आता उजवा ठेवीन.

कैलाशसोबत एक कॅन पाठवून राहिलो. आमच्या शेतातल्या तळ्याचं, बोडीचं हिरवं पाणी आहे. या पाण्यात रोहू मासोळीचं जिऱ्याएवढं पिल्लू सोडलं की दिवाळीपर्यंत बोटाएवढं होते. पुष्पानं लिहिलं होतं की तिच्या पिल्लांनाही हिरवंच पाणी लागते. तुम्हाले गच्चीवर चढउतार नको म्हणून पाठवलं. नातवंडांना आजोबाची भेट समजा.

कळावे, आणि आज माझ्यासाठी देवापुढं दिवा लावावा, वाक्यं विसरायची लय धास्ती आहे.
पुनाराम


गोंदिया,
१ नोव्हेंबर, दुपार

श्री. पुनारामजी व्याही यांस,

आज नमस्कार-चमत्कार नाही, माफ करा. कैलाश संध्याकाळच्या गाडीनं निघेल, त्याच्या हाती हे पत्र तुम्हाला खेळाआधी मिळेल. एकट्यानं वाचा.

सुनेच्या माहेरून आलेली शिदोरी आमच्या घरात पडून राहू देत नाहीत. लाडू असोत, पापड असोत, आली त्याच दिवशी ताटात पडली पाहिजे, नाहीतर देणाऱ्याचा अपमान होतो. माझ्या सासूनं मला हेच शिकवलं. तुमचा कॅन आला आणि मी तेच केलं. पुष्पा बजावून गेली होती, पण मला वाटलं, बापाचं पाणी दुसरं कसं असेल? हिरवं म्हणजे हिरवं. अख्खा कॅन ओतला.

तुमचं पाणी गोडं, यांचं खारं. शिवाय थंडगार. जेवून येऊन बघते तर पिल्लं खाली बसलेली. बरीच गेली, व्याहीबुवा. काही अजून हलतात. वीरेंद्र दुकान बंद करून आलाय, मोठ्या टाकीतलं खारं पाणी थोडं थोडं करून टबात टाकून राहिला. मी हवेची नळी धरून बसले आहे.

मी पुष्पाला फोन केला नाही. वीरेंद्रलाही करू दिला नाही. केला असता तर ती पुढच्याच गाडीनं निघाली असती आणि तुमच्यासमोरची चटई रिकामी राहिली असती. इथं येऊनही ती करणार तेच जे वीरेंद्र करतोय. म्हणून खेळ संपेपर्यंत तिला काही सांगू नका. पाणी तुमचं होतं, हात माझा होता, तिला कशाला पस्तावा? मी तोंड वर करून म्हटलं होतं, मी पाहते. हेच पाहिलं मी! मला रडायला येऊन राहिलं, आणि हे कोणाला सांगितलंत तर बघा.

तुमचा खेळ चांगला होवो. मला दोष द्या, पण आज नको.
सुशिलाबाई


सौंदड,
२ नोव्हेंबर

सौ. विहीणबाई यांस,
पुनारामचा हात जोडून नमस्कार.

हे पत्र पुष्पाच्याच हाती पाठवून राहिलो. खेळ संपल्यावर पहाटे तिले सारं सांगितलं. तिनं लगेच पिशवी भरली, अन् आता पहिल्या गाडीले निघून राहिली. तिच्यावर नका रागावू, माझ्यावर रागवा. मी माझ्या अक्कलेले कालपासून शिव्या देऊन राहिलो. जन्म पाण्यात गेला अन् पाणी चाखून पाहायची अक्कल नाही आली.

पण कालची गंमत तुम्हाले सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमचं पत्र वाचलं तेव्हा माझ्या अंगावर लुगडं होतं. घडी करून पोलक्यात खोचलं अन् मंचावर गेलो. कमरेवर हात ठेवला, उजवाच. मान झटकली, हशा झाला. पुढं सुनेले हाकलायचं होतं. समोर पहिल्या चटईवर पुष्पा बसलेली. अन् माझ्या तोंडातून निघून जा हे शब्दच निघेनात. पोलक्यात तुम्ही होत्या ना! मी सुनेले म्हणालो, तू जा माहेरी, चार दिवस राहून ये, घर मी पाहते.

सून झाला होता ओमेश, ट्रॅक्टरवाला. तो दोनदा हळूच विचारत होता, काका, आता मी काय करू? पेटीवाल्यानं रानातलं गाणं सुरू केलं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पडद्यामागं राजा मुकुट घालून उभा, त्याले रानच मिळेना. दंडार बसवणारे शालीकराम कपाळावर हात मारून खाली बसले. मग बायांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. एका बाईनं तं शंभराची नोट आणून माझ्या हातात ठेवली. शेवटी राजाच पाणी मागायले आमच्या घरी आला, तेव्हा कुठं खेळ पुढं सरकला. शालीकराम अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पुष्पा चटईवर डोळे पुसत होती. मले वाटलं, तिले कुठून तरी पिल्लांचं कळलं.

जी वाचली त्यांना जपा. जी गेली ती माझ्या खाती लिहा.
आपला अपराधी,
पुनाराम


गोंदिया,
१३ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
पुष्पांजलीचा शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही कैलाशदादाचं डोकं खाल्लंत, हे कळलं. मला लिहायचा धीर होत नव्हता. आज लिहिते, कारण आज सकाळी पिल्लांच्या डोळ्यांमागे पहिला पांढरा पट्टा उमटला! ज्या पिल्लाला पट्टा उमटला ते बहुतेक जगतं, असं म्हणतात. आहेत थोडीच, एका पेल्यात मावतील. पण आहेत. आजवर मला एकही पट्टा बघायला मिळाला नव्हता. मी ओरडले तर सासूबाईंनी मलाच दटावलं, पिल्लं दचकतील म्हणून.

त्या रविवारी मी घरी आले तेव्हा सासूबाई टबासमोर स्टुलावर बसल्या होत्या. मला पाहिलं आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही, नुसतं रांधत राहिल्या. चार भाज्या, दोन गोडाचे प्रकार. मी गाडीत सगळा राग जमवून आणला होता, खरं सांगते. पण त्यांची बोटं खाऱ्या पाण्यानं पांढरी पडली होती, ती बघितली आणि मी दोघींची ताटं वाढून घेतली. त्यांच्या बाजूला बसून जेवले.

तेव्हापासून हॉलमध्ये त्यांचं राज्य आहे. कुकरची शिट्टी होऊ देत नाहीत, टीव्ही मुका बघतात. गच्चीवर माझ्या आधी त्याच जातात, आणि शेजारच्या आचलला म्हणे सांगत होत्या की आमच्या घरी शेवाळ फार चांगलं पिकतं. तुमच्यावर त्यांचा राग अजून आहे, पण तो मिशीवरून. बिनमिशीचे व्याही बघायचे राहिले म्हणून हळहळतात. येत्या रविवारी तुम्हाला जेवायला बोलावलंय, रिकाम्या हातानं यायच्या अटीवर.

बाबा, एक सांगायचं राहिलं. त्या रात्री मी चटईवर रडत होते ते पिल्लांसाठी नव्हतं. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला या घरातून निघून जा असं कोणीही कधी म्हटलं नाही. पण तू जा, मी पाहते, असंही कोणी म्हटलं नव्हतं. ते मी त्या आठवड्यात दोनदा ऐकलं. पहिल्यांदा इथं ऐकलं तेव्हा मी पिशवी भरायच्या घाईत होते. दुसऱ्यांदा तुम्ही लुगडं नेसून म्हणालात, तेव्हा कळलं की मला काय मिळालंय.

सासूबाईंना हे सांगू नका. फार चढून बसतील, आणि मग पिल्लांना मला हात लावू देणार नाहीत.

रविवारी वाट बघते. माया घेऊन या, पाणी इथं आहे.
तुमची,
पुष्पा