मोजायचे राहिलेले मास्तर

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

भावोजींचा गुडघा आता कुरकुरत नसेल, आणि कुरकुरत असलाच तर भावोजी त्याच्याहून कमी कुरकुरत असतील, अशी आशा आहे. मी खुशाल आहे. आधीच सांगून टाकतो, दोन वर्षांपूर्वी तू आणलेल्या आणि मी न बघताच नाकारलेल्या त्या स्थळाशी या पत्राचा काडीचाही संबंध नाही. (सांडपाण्यात काम करणारी मुलगी नको, असं मी म्हणालो होतो. तू विसरली नसशीलच. मीही नाही.) हे पत्र सहलीबद्दल आहे.

सातवीची बेचाळीस मुलं घेऊन मी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात गेलो. (बाकीच्या शिक्षकांना त्या दिवशी एकाएकी ताप आला होता.) पहिल्या जाळीपाशी मुलांनी नाकं दाबली. मी शिस्त म्हणून दाबलं नाही, आणि दोन मिनिटं मला स्वतःचं नाव आठवेना. जाळीत कंगवे, चमचे, बाहुलीचा एक पाय असं काय काय अडकलेलं, त्यामुळे पोरं तिथून हलायला तयार नाहीत. पुढे मात्र वास विरत गेला. एका टाकीत नुसते बुडबुडे, दुसरीत एक लांब लोखंडी हात इतका सावकाश फिरणारा, की तो फिरतोय की आपण, ते कळू नये. शेवटच्या टाकीत नितळ पाणी होतं आणि त्यात एक ढग आला होता. मी कठड्याला टेकून त्याच्याकडे बघत राहिलो. ढग पलीकडच्या काठाला पोचला तेव्हा शाळेची बस निघून गेली होती.

चूक माझ्याच नियमाची. वर्गप्रमुख मुलीनं डोकी मोजायची आणि बेचाळीस भरली की ड्रायव्हरला हात करायचा. मास्तरांनाही मोजायचं, हे लिहायचं राहून गेलं.

कर्मचाऱ्यांची गाडी पाचला होती. तोवर तिथल्या केमिस्टबाईंनी मला प्रयोगशाळेत बसवलं, चंचुपात्रातून चहा दिला (पात्र नवं आहे, असं त्या दोनदा म्हणाल्या) आणि सूक्ष्मदर्शकातून घाण खाणारे जीव दाखवले. आज यांनी नीट खाल्लं नाही, असं त्या घरातल्या लेकरांबद्दल बोलावं तसं बोलत होत्या. खिडकीबाहेर तो लोखंडी हात फिरत होता. ताई, इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग त्यांनी पाहुण्यांच्या वहीत माझं नाव वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघताना, ताई बऱ्या आहेत ना, असं विचारलं. तुझ्याबद्दल मी अवाक्षरही काढलं नव्हतं.

भावोजींना नमस्कार, भाच्यांना पापे.

तुझा धाकटा

ता. क. ते स्थळ अजून मोकळं आहे का, सहज विचारून बघ ना. मी विचारायला सांगितलं असं सांगू नकोस. किंवा सांग.

ता. क. २. त्यांचा तुला निरोप आहे: आमच्याकडे पाणी एका दिवसात स्वच्छ होतं, तुमच्या भावाला दोन वर्षं लागली. (हे म्हणताना त्या हसल्या, की मला तसं वाटलं, ते तूच विचार.)

ता. क. ३. मंगळवारी आठवीची सहल तिथंच नेतो आहे. आठवीला सांडपाण्याचा धडा नाही. आठवीच्या वर्गप्रमुखानं नियम सुधारून डोकी मास्तरांसकट मोजावीत असं लिहून आणलं होतं. ‘मास्तरांसकट’ मी खोडलं आहे.