सोनीच्या वाट्याची पहिली धार

कोल्हापूर, मंगळवार, १२ जानेवारी १९५४

आज सोनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर धापा टाकत बसली. मांजर, आणि धापा! जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलंय की दूध-साय बंद, बिनचरबीचं उकडलेलं मटण दोनच घास, नाहीतर हिचं काळीज थांबेल. महिनाभर तेच घालतोय, तरी ही फुगतेच आहे. मंत्र्यांच्या ढेऱ्यांवर वर्तमानपत्रात वीस वर्षं लिहिलं, घरातली एक ढेरी उतरवता येईना.

कारण आज सकाळी दिसलं. गवळी तात्या दारात म्हैस पिळताना धार थेट सोनीच्या तोंडात सोडत होते. मी ओरडलो.

"अवो मास्तर, वैनींनीच सांगितलंतं, पयली धार सोनीची. त्या गेल्या म्हणून त्यांचा शबूद मोडू व्हय?"

माझ्या बायकोला, सुमनला, जाऊन दोन वर्षं झाली. तिचा शब्द पाळणारे हे दोघंच, गवळी आणि मांजर. मी तर नाहीच.

तरी तात्यांना बंद करा म्हणालो. संध्याकाळी सोनीनं मटण नुसतं हुंगलं आणि दाराशी जाऊन बसली.

उद्या तिला आत कोंडीन. बाहेर पहिली धार चरवीत पडेल. आवाज आम्हां दोघांनाही ऐकू येईल.