खेकड्यांचा हौद

अकोला, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस, पौर्णिमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमाले फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहून राहिली. आठ दिवसांसाठी श्यामकडं अमरावतीले गेलात, महिना होत आला.

काल श्यामनं फोटो पाठवला. मोठी काचपेटी, तिच्यात सिमेंटचा डोंगर, त्यातून उतरणारा झरा, खाली हौद. अन् तुमी कोपरापर्यंत सिमेंटनं भरून हसून राहिले. हे सारं खेकडे पाळायसाठी म्हणे. आई गेल्यापासून तुमी माझ्याजवळ राहता. गच्चीवर कमळासाठी एक टाकं बांधून द्या म्हटलं, तर गुडघे दुखतात म्हणालात. श्यामच्या खेकड्यांसाठी गुडघे बरे झाले वाटते. असं हसताना मी तुमाले कधी पाहिलं नाही. हे रोज विचारतात, बाबा कधी येणार. मी काय सांगू?

गोळ्या वेळेवर घ्या. लोभ थोडा इकडंही असू द्या.

तुमची पौर्णिमा

अमरावती, ९ फेब्रुवारी

ती. पौर्णिमाताईस, श्यामचा सा. न. वि. वि.

बाबांनी तुझं पत्र वाचून माझ्या हाती दिलं. तूच लिही म्हणाले.

ताई, आल्यावर बाबा पाहुण्यासारखे बसून होते. मी नोकरीपायी गावोगाव फिरलो, बाबा तुझ्याकडं राहिले. आमाले बोलायले विषयच नव्हता. बोलले ते तुझंच. पौर्णिमाची भाजी, पौर्णिमाचे पडदे. मी ऐकून जळत होतो. मग एका सकाळी त्यांनी बॅग भरली.

काचपेटीतला हौद मी एकट्यानं बांधला होता, तो नेमका तेव्हाच गळला. पेटीच्या फटींतून खोलीभर पाणी. बाबांनी बॅग ठेवली अन् हौद खरवडायले बसले. आमी दोघांनी पातळ थर दिले, एकेक थर ओल्या गोणपाटाखाली ठेवला, वरून वॉटरप्रूफचा हात मारला. मग रोज पाणी भरायचं अन् उपसायचं, नाहीतर सिमेंटचा चुना उतरून खेकडे मरतात. ते करता करता बोलायले लागलो. आईविषयीही बोललो.

आता खेकडे सोडले. बाबा उद्या निघतो म्हणतात. मी रोज सकाळी हौदाखाली हात फिरवून पाहतो. कोरडा लागतो, अन् वाईट वाटते.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

श्याम

अकोला, १९ फेब्रुवारी

चि. श्यामले अनेक आशीर्वाद.

बाबा सुखरूप पोचले. आल्यापासून सारं बोलणं तुझंच. श्यामचा हात आईसारखा सफाईचा आहे म्हणाले. मले असं कधी म्हटलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

काल विचारून राहिले, तुले राग येत नसेल तर होळीपर्यंत अमरावतीले राहून येऊ का. येते राग, असं मी म्हणाली. ते नीट जेवले नाहीत. मग मीच त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, जा. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या माणिकबाई दारात आल्या.

शनिवारी बसमध्ये बसवून देते, स्टँडवर घ्यायले ये. तू मले सांगितलंस तसं मीही सांगते, तुझ्यावर जळते मी. शनिवारले अजून तीन दिवस आहेत, अन् बाबा सकाळपासून शर्टांले इस्त्री करून राहिले. पाहून अंगाची आग होते. त्यांले मात्र सांगू नको.

तुझी ताई
पौर्णिमा