नववा भाग मुक्याचा

२२ एप्रिल, मंगळ.
सहावा भाग आला. चौदा मिनिटांचा. जेवणाच्या सुट्टीत बॉयलरच्या ड्रमच्या सावलीला बसून ऐकला. या वेळी सांगणारा चष्मा. म्हणजे माझी बहीण एस्तूच, पण चष्म्यासारखी नाकातून बोलत.

मालिका जपानी, त्यातल्या पोरांची खरी नावं पण जपानी. माझ्या तोंडात बसत न्हाईत म्हणून आम्ही आमचीच ठेवली. चष्मा, टोपी, लांबडी, मुक्या. एस्तू श्रीरामपूरला मोबाईलवर बघती, खालची इंग्रजी वाचती आणि मला मराठीत बोलून पाठवती. इथं बिहारात मी बॉयलरच्या वेल्डिंगला आलोय, साईटवर रेंज फक्त आवाजापुरती. आणि रेंज असती तरी नववी नापास माणूस खालची इंग्रजी काय वाचणार. ती एक ओळ वाचून होईस्तोवर भूत येऊन गेलेलं असतंय.

मालिकेचं नाव 'बोगद्यापलीकडची शाळा'. प्रत्येक भागात सांगणारा वेगळा. जो आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगंल त्याला बोगदा ओढत न्हाई. जो सांगणार न्हाई त्याची आधी सावली जाती, मग बाकीचे त्याचं नावच विसरतात.

चष्म्याचा मला पहिल्यापासून राग. सारखे फालतू विनोद. आज त्याच्या तोंडून ऐकलं तर कळलं, घरात कोणी रडायला लागलं की हा विनोद करायचा, लहानपणापासून. दुसरं काही येतच नव्हतं त्याला. ऐकून डबा तसाच राहिला.

२४ एप्रिल, गुरु.
शकीलभाई (आमचे फोरमन, राहुरीचे) म्हणाले, "काय रे अमोल, बहीण गोष्ट सांगती का अंगाई गाती? बाप्या झाला तरी कार्टून!"
एस्तूला सांगितलं तर ती चिडली. "कार्टून नाही दादा, अॅनिमे म्हण. आणि त्यांना सांग, चष्मा पहिल्या भागात जोकर होता आणि आता बघा. असं माणूस वाढवत नेणं तुमच्या सिनेमात असतं का म्हणावं."
मी म्हणलं, चष्मा बदलला कुठं, तोच हाय.
ती म्हणाली, "तोच आहे. पण तोपर्यंत त्याच्याबद्दल दुसरेच सांगत होते ना."
हुशार हाय. बीएस्सीचं एक वर्ष राहिलं. मी सुप्याला आठ महिने, चाकणला पाच, मग भुज, आता इथं. माझं कुठंच बूड टेकत न्हाई. तिनं तरी एक काही शेवटपर्यंत करावं.

२७ एप्रिल, रवि.
एस्तूला बघायला आले होते. जालन्याचे, मुलगा बँकेत. आईनं मला फोनवर घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. भांड्यांचे आवाज, बशा. मग त्यांच्यातल्या कोण बाईनं विचारलं, "बोल गं बाई, पसंत आहे का आमचा मुलगा?"
काहीच आवाज न्हाई. बराच वेळ.
आई म्हणाली, "खाली मान घातलीय बघा."
मी इकडून म्हणालो, "अहो लाजली ती. लाजली म्हणजे व्हय!"
सगळे हसले. पप्पा पण हसले. जानेवारीत त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पप्पांना हसताना ऐकलं नव्हतं. बरं वाटलं. पेढे वाटल्याचं ऐकू आलं. मुलाकडचे म्हणाले, पुढं शिकायचं नंतर बघू.

३० एप्रिल, बुध.
सातवा-आठवा एकदम आले, आणि आज नववा. नववा मुक्याचा! आठ भाग तोंड उघडलं न्हाई पोरानं. मी वाटच बघत होतो. पण आज नेमकं शेजारी ग्राइंडर चालू, निम्मं ऐकलं, निम्मं गेलं. "मी बाकावर बसले होते. सगळे माझ्याबद्दलच बोलत होते, माझ्यासमोर..." मग घर्रर्र. शेवटी "मी गेले. कुणाला कळलंही नाही."

मला हसूच आलं. उलटा निरोप पाठवला, "अगं येडे, मुक्या पोरगा हाय ना? बसलो, गेलो म्हण. बसले, गेले काय! लग्न ठरलं तर ध्यान उडालं व्हय?"
संध्याकाळी एवढंच आलं, "चुकलं दादा."

४ मे, रवि.
आज चर्चमध्ये पहिल्यांदा नावं वाचली. आईचा फोन. तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचायची, लग्नाला कोणाची हरकत असंल तर उठून सांगायचं. वाचून झालं की पाळकसाहेब थोडं थांबतात. लहानपणी त्या शांततेत मला खोकला आला होता, तर पप्पांनी मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस काळंनिळं.
लग्न २९ तारखेला. मी २७ ला निघायचं.
दहावा भाग आला न्हाई. कामात असंल.

८ मे, गुरु.
साईटला सुट्टी. शकीलभाईंबरोबर बाजारच्या गावाला गेलो, तिथं चहाच्या दुकानात वायफाय. म्हणलं दहावा स्वतःच बघू. आधी नववा लावला, त्यांच्या मोबाईलवर.

त्यात कोणी बोलतच न्हाई.

परत पहिल्यापासून लावला. मुक्या चालतो, पाऊस, रूळ, बोगद्याच्या तोंडाशी बाक, त्याच्यावर बसतो. सावली जाती. बावीस मिनिटं. एक शब्द न्हाई. खाली इंग्रजी पण न्हाई, एक अक्षर न्हाई.
शकीलभाई म्हणाले, "आवाज गेला का काय मोबाईलचा? नवा हाय रे!"
मग तिनं मला काय वाचून दाखवलं?

९ मे, शुक्र.
पाण्याच्या टाकीमागं जाऊन ऐकलं. कानात इअरफोन घालून, सगळं.
"मी बाकावर बसले होते. सगळे माझ्याबद्दलच बोलत होते, माझ्यासमोर. मला विचारलं तेव्हा मी शब्द जुळवत होते. जुळत आले होते. तेवढ्यात लांबून कुणीतरी म्हणालं, लाजली. मग सगळे हसले. मी लाजले नव्हते. मी वर बघितलं असतं तर रडले असते, आणि समोरच्या माणसाला रडलेलं चालणार नव्हतं, त्याच्या छातीला टाके होते. म्हणून मी गेले. कुणाला कळलंही नाही."

लांबून कुणीतरी. मी.
चुकलं न्हवतं तिचं. एकदा पण "बसलो" म्हणाली न्हाई. आणि मी तिचं व्याकरण काढत बसलो.

१० मे, शनि.
एस्तूला फोन. तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला.
मी म्हणलं, एस्तू, नववा बघितला मी.
तिकडं दार लावल्याचा आवाज आला.
मग म्हणाली, "दादा, कार्टून होतं ते. कशाला एवढं."
तिच्या तोंडून कार्टून.
मी म्हणलं, तू फक्त न्हाई म्हण, बाकी मी बघतो.
"तू नको बघू काही. पप्पा परवा दोन जिने चढले. कुणाच्या तरी पत्रिकेचा कागद निवडायला." आणि फोन ठेवला.

११ मे, रवि.
दुसऱ्यांदा नावं वाचली.
पप्पांना फोन केला. म्हणलं, एकदा तिला एकटीला विचारा.
"विचारलं की. सगळ्यांसमोर विचारलं. तूच न्हाई का म्हणला, लाजली म्हणून?"
मी फोन ठेवला. मी पण मुक्याच. फक्त माझ्यावर कोणी भाग काढत न्हाई.

१४ मे, बुध.
रजा मागितली. कंत्राटदार म्हणाला, सोमवारी बॉयलरमध्ये पाणी भरून प्रेशर बघायचंय, एक वेल्डर कमी चालणार न्हाई, गेलास तर परत येऊ नको.
शकीलभाईंना सगळं सांगितलं. न हसता ऐकून घेतलं. म्हणाले, "माझ्या बहिणीच्या वेळी मीच व्हय म्हणलो होतो. तिनं मला कधी विचारलं न्हाई, का म्हणला. बारा वर्षं झाली." मग म्हणाले, "तुझे वेल्डिंगचे जॉइंट मी मारतो. जा. पण तिथं जाऊन भाषण ठोकू नको."

१६ मे, शुक्र.
गाडीत. दाराजवळ. नववा ऐकला. चार वेळा. दहावा बघायची इच्छा झाली न्हाई. टोपीनं त्यात म्हणं पहिल्यांदा मुक्याचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, आणि त्याला आठवंना. शकीलभाई बघून आले, त्यांनीच सांगितलं. त्यांना पण नाद लागला.
काय बोलायचं ते ठरवतोय. हरकत माझी न्हाई. फक्त तिला विचारा. एवढंच बोलायचं. जास्त एक शब्द न्हाई.

१८ मे, रवि.
चर्चच्या आवारात, चिंचेखाली. सकाळचे साडेदहा.

मनमाडहून गाडी उशिरा. स्टेशनवरनं तसाच बॅग घेऊन आलो. दुसरं गीत चालू होतं. पप्पांशेजारी जागा होती, बसलो. पप्पांनी बघितलं, खांद्यावर हात ठेवला. वाटलं असंल लग्नाला लवकर आला. किती वाळलेत. एस्तू पलीकडं बायकांत, पहिल्या बाकावर. तिनं मागं बघितलं न्हाई.

नावं वाचली. तिसऱ्यांदा. पाळकसाहेब थांबले.
पप्पांची बोटं माझ्या मांडीवर आली. चिमटा न्हाई, नुसती ठेवलेली. त्यांना कळलं असणार.
उठलो.
पाळकसाहेब म्हणाले, "अमोल? तुझी काय हरकत आहे?"
म्हणलं, "माझी न्हाई. एस्तेरला विचारा. आणि ती बोलेपर्यंत कोणी बोलू नका. मी पण न्हाई."
सगळं चर्च वळलं. एक लहान पोरगं रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. पाळकसाहेब म्हणाले, उपासना झाल्यावर आपण खोलीत बसून बोलू, आणि पुढचं गीत सांगितलं. ते कोणाला नीट म्हणता आलं न्हाई.

बाहेर पायरीवर पप्पा म्हणाले, "दोन दिवस गाडीत बसून हे करायला आलास?"
आईनं पदर तोंडाला लावलेला.
मला वाटत होतं एस्तू येऊन गळ्यात पडंल. ती समोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे. म्हणाली, "आत्ता पण तूच उठलास दादा. सगळ्यांसमोर. मला न विचारता." आणि आत गेली.
मी बॅग उचलून इथं चिंचेखाली आलो.

आता खोलीत ती, आई आणि पाळकसाहेब. पप्पांना बोलावलं तर म्हणाले, मी इथंच बरा. पप्पा माझ्या शेजारी बसलेत, मधे माझी बॅग. मी पाणी दिलं तर अर्धं प्याले, झाकण स्वतःच लावलं. औषध घेतलं का विचारलं, मान हलवली. व्हय का न्हाई ते मी ठरवलं न्हाई, परत विचारलं.

दार लावलंय. मगापासून पाळकसाहेबांचा आवाज येत होता, मग आईचा. आता एस्तूचा. हळू हाय. लांबून शब्द कळत न्हाईत, शब्दांचे शेवट तर न्हाईच. मधेच थांबती. आत कोणी बोलत न्हाई. मग परत सुरू करती.
पप्पांनी पण मान तिकडं केलीय.