भिंतीवरचा पासवर्ड

३ फेब्रुवारी, राजूर
आले एकदाची! इथल्या सेवा केंद्रात कॉम्प्युटर चालवायचा आणि संगमनेरच्या कॉलेजातून नोकरीचा मेल आला की निघायचं. तोवर हवा छान, चहा फुकट. आसपासच्या वाड्यांतल्या सगळ्यांचे ईमेल इथेच काढलेत, पासवर्ड सगळ्यांना एकच, आणि तो भिंतीवर देवाच्या फोटोखाली मोठ्या अक्षरात लिहिलाय. केंद्र चालवणारे काकासाहेब म्हणाले, "लोकं इसरत्यात, ताई. भित न्हाई इसरत." मी पोट धरून हसले.

९ फेब्रुवारी
हसू जिरलं. एक अर्ज पाठवायला मी काकासाहेबांना माझा पासवर्ड सांगितला होता. त्यांनी माझ्याही मेलला भिंतीवरचाच लावला, म्हणे तुमी नसताना काम अडाया नको! वर त्यांच्या वाढदिवसाचा फोटो गावभर स्टेटसला. केक, काकासाहेब, मागे पासवर्ड ठळक.

१० फेब्रुवारी
दिवसभर एकेकाला बसवून पासवर्ड बदलले. प्रत्येकाचा वेगळा, स्वतःच्या मोबाईलवर कोड आल्याशिवाय उघडणार नाही असा, बाकी सगळीकडून लॉगआउट. साळूबाईंनी नवा पासवर्ड रांगेत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. पुन्हा बदलला. या गडबडीत माझाच राहिला.

११ फेब्रुवारी
माझा मेल उघडत नाही. कोड भलत्याच नंबरवर जातोय. मेलच्या कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा, पुढची लिंक तुमच्या मेलवर पाठवली आहे. म्हणजे त्याच मेलवर! डोकं फुटायची वेळ आली आहे.

१३ फेब्रुवारी
संगमनेरला जाऊन आले. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, नोकरी नको असं तुम्हीच तर मेलवर कळवलंत. मी आधार कार्ड पुढे केलं. त्या दचकल्या. मेलमध्ये आणखीही होतं म्हणे— माझ्या नावाची एक बाई येईल, आधार दाखवेल, रडेल, तिला थारा देऊ नका. मी रडतच होते तेव्हा.

१४ फेब्रुवारी
भावानं, ओंकारनं, मला ब्लॉक केलंय. त्यालाही मेल गेला असणार. काय करू? कुणाला सांगू?

नंतर
शेवगावला आईला फोन लागला. म्हटलं, आई, मी धनश्री. ती घाबरली. म्हणाली, धनश्री आत्ताच बोलली, नव्या नंबरवरून, तिचाच आवाज. तिनं बजावलंय, एक पोरगी फोन करेल, तिला—